गाण्यातून विहिरीपर्यंत: सेवा दलाचं कलापथक

जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत पु. ल. देशपांडे यांचं बालपण गेलं. बिऱ्हाड पुढे पार्ल्याला हललं, तरी कॉलेजसाठी ते परत इथल्याच टेकडीवरच्या इस्माईल युसुफमध्ये आले. हे जोगेश्वरीकर अभिमानाने सांगतात. पण याच पुलंनी राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेच्या कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहून दिलं, ही गोष्ट सहसा कोणी काढत नाही. ती काढायला हवी, कारण लोकांना नुसतं हसवून घरी न पाठवता कामाला लावणारी या कलापथकासारखी दुसरी शाळा महाराष्ट्रात फारशी झाली नाही.

सेवा दलाची पुनर्रचना ४ जून १९४१ची. एस. एम. जोशी दलप्रमुख. संध्याकाळी शाखेवर खेळ, कवायत, लेझीम आणि समूहगीतं. त्या गाण्यांतूनच कलापथक उभं राहिलं. वसंत बापट लिहीत, लीलाधर हेगडे खड्या आवाजात गात, सुधा वर्दे नृत्यात पुढे असत. पुढे 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' असे भव्य कार्यक्रम झाले. त्यांचं कौतुक खूप झालं आणि ते रास्तच होतं. मला मात्र मोल वाटतं ते गावोगाव हिंडणाऱ्या पथकाचं. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज एवढा संसार. तमाशातली बतावणी आणि वग त्यांनी उचलला, त्यामागे मोठी समज होती. सोंगाड्या भर सभेत पाटलालाही आडवा प्रश्न विचारू शकतो, आणि तो पाटलाला समोर बसून ऐकून घ्यावा लागतो. भाषणात तोच प्रश्न आला असता तर माणसं उठून गेली असती.

या साऱ्याची खरी कसोटी १९४७ साली लागली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा काढला. बरोबर कलापथक होतं. आधी गाणी, मग गुरुजींचं बोलणं, आणि त्यानंतर गावापुढे सरळ मागणी: विहीर खुली करा, देऊळ खुलं करा. अनेक गावांनी ते केलं. १ मेला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मेला मंदिर खुलं झालं. श्रेय गुरुजींच्या प्राणपणाला लागलेल्या आग्रहाचं, यात शंका नाही. पण त्याआधी गावागावांत मनं मऊ करण्याचं काम झालं होतं, आणि त्यात गाण्यांचा वाटा मोठा होता.

पुण्याच्या कलापथकातून निळू फुले आले. ते लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि तुटपुंज्या पगारातले दरमहा दहा रुपये सेवा दलाला देत. १९५७च्या निवडणुकीसाठी त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. 'पुढारी पाहिजे'मध्ये त्यांनी रंगवलेल्या रोंग्या या पात्राने लोकांना वेड लावलं. राम नगरकर, दादा कोंडकेही याच मुशीतले. सिनेमाने त्यांना मोठं केलं खरं, पण हजरजबाबीपणा कलापथकातला.

सेवा दलाच्या पथकाच्या सुरुवातीच्या काळातच अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं कम्युनिस्ट विचारांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात गाजत होतं. दोन पथकांचं राजकारण वेगळं, रीत मात्र एकच.

कलापथक हा शब्द आजही कानावर पडतो, तो बहुतेक सरकारी योजनांच्या प्रचारात. तेही काम चांगलंच. गरजूला माहिती मिळते. पण माहिती देणं वेगळं आणि मागणी करणं वेगळं. सेवा दलाचं पथक ऐकणाऱ्याकडून काहीतरी मागायचं, तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत. त्याचं बळ तिथे होतं.

हे बळ आजही उभं करता येईल. आपल्या जोगेश्वरीत मजासवाडी, मेघवाडी, श्यामनगर, सगळीकडे गणपतीत मांडव पडतात, ध्वनिक्षेपक असतो, प्रेक्षक असतात. मंडळांना विनंती आहे: दहा दिवसांतली एक रात्र आपल्याच वस्तीच्या प्रश्नावरच्या वगाला द्या. पाणी, कचरा, जो प्रश्न जवळचा असेल तो घ्या. वग आपल्याच मुलामुलींकडून लिहून घ्या. आणि शेवटचं गाणं झाल्यावर माइक खाली ठेवण्याआधी समोरच्यांना विचारा, उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसात आमच्याबरोबर कोण येणार?