चेक इंजिनचा दिवा: आधी कोड, मग रीसेट

● स्पार्क प्लग किंवा सेन्सर घरीच बदलला, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लगेच विझेलच असे नाही. बिघाडाचा कोड गाडीच्या संगणकात साठलेला असतो.

● स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचे ओबीडी (बिघाड तपासणीचे) सॉकेट असते. तिथे स्कॅनर जोडा, इग्निशन चालू करा आणि कोड लिहून ठेवा. मगच ‘क्लिअर’ दाबा.

● उदाहरणार्थ, पी०३०० हा कोड म्हणजे मिसफायर (इंजिनात इंधन नीट न पेटणे), तर पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटलेली.

● स्कॅनर नसेल तर गाडी नेहमीसारखी चालवा. दोष खरोखर गेला असेल, तर साधारणपणे सलग तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांनंतर) दिवा आपोआप विझतो.

● बॅटरीची वायर काढण्याचा जुना उपाय टाळा. त्याने घड्याळ आणि रेडिओची सेटिंग्ज पुसली जातात, आणि नव्या गाड्यांत कोड तरीही उरू शकतो.

● दिवा पुन्हा लागला, तर दोष कायम आहे. लुकलुकत असेल, तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.