हातचा एक आणि वाढते वय

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या काळी महाराष्ट्रासह देशभरातून विशी-पंचविशीत तेथे आलेली पिढी आज नव्वदीच्या आसपास पोहोचली आहे. या वयाच्या निरोगी माणसाला अडीचकीचा पाढा बिनचूक येतो, परंतु तोंडी बेरजेतला हातचा निसटतो, आणि घरातली मंडळी उगाच धास्तावतात.

पाढा दीर्घकालीन स्मृतीत मुरलेला असतो. याउलट ३७ आणि ४८ रुपयांच्या भाजीचा हिशेब करताना सात नि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक, यातला ‘एक’ काही सेकंदच मनात धरून त्याच वेळी पुढची बेरीज करावी लागते. माहिती धरून ठेवत तिच्यावर काम करण्याच्या या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात.

हा हातचा मेंदूत धरला जातो तो मुख्यतः कपाळामागच्या भागात, असे १९७१ साली माकडांवरील प्रयोगांतून दिसले : खाऊ कुठे ठेवला ते दाखवून तो झाकला, तरी तेथील काही पेशी मधल्या प्रतीक्षेत संदेश सोडतच राहिल्या. याचे श्रेय बहुधा अमेरिकेतील फुस्टर यांना दिले जाते; त्याच वर्षी तशीच नोंद करणारे जपानचे कुबोटा आणि निकी मात्र तळटीपेत उरतात. अशा पेशी एकमेकींना चेतवत राहून संदेश जिवंत ठेवतात, ही मांडणी पुढे पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी केली. वृद्ध माकडांत हीच प्रतीक्षेतली धडधड मंदावते, परंतु पेशींतील रासायनिक संकेत औषधाने आवरल्यास ती काहीशी परत येते, असे येल विद्यापीठातील मिन वँग व एमी आर्न्स्टेन यांच्या गटाने २०११ साली दाखवले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात, त्यांच्यातील जोड सैल झालेली असते.

दुसरी अडचण गाळणीची आहे. २००५ साली संशोधक गॅझली आणि सहकाऱ्यांना असे आढळले की ज्येष्ठांचा मेंदू हव्या त्या चित्राकडे तरुणांइतकेच लक्ष देतो, परंतु नकोशा चित्राला दाबण्यात कमी पडतो. भाजीवाल्याने मध्येच कोथिंबिरीचा भाव सांगितला की हातचा सुटतो, तो बहुधा यामुळेच.

हातचा असा सुटू लागल्याच्या भीतीवर मेंदूचे खेळ विकणारा धंदा उभा राहिला. वयोमानाने होणारी घसरण रोखण्याचे निराधार दावे केल्याबद्दल अशा एका कंपनीला २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले. सरावाने सुधारतो तो मुख्यतः तो खेळच. भाजीचा हिशेब होता तिथेच राहतो.