महाविद्यालय परिसरातील वृक्ष व पक्षी : निरीक्षण आणि ओळख

प्रस्तावना :
महाविद्यालयाचा परिसर ही निसर्गाभ्यासाची सहज उपलब्ध असलेली प्रयोगशाळा होय. मूल्यांकनाच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत वृक्षगणना केली जाते. परंतु केवळ संख्येवरून परिसराची जैवविविधता कळत नाही. झाड कोणत्या जातीचे आहे आणि त्यावर कोणते जीव अवलंबून आहेत, हे ज्ञात नसेल तर जतन कशाचे करावयाचे, हेच ठरविता येत नाही. या दृष्टीने सर्व शाखांच्या प्राध्यापकांना उपयुक्त ठरेल अशा निरीक्षणपद्धतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वृक्षांची ओळख :
बहुतेक झाडांना फुले वर्षातील मोजके आठवडेच असतात. म्हणून पान, खोड व फळ यांवरून ओळख पटविण्याची सवय असावी. प्रथम पान साधे आहे की संयुक्त, हे पाहावे. संपूर्ण पानाच्या बगलेत कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती नसते. प्रवेशद्वारालगत रांगेने लावलेल्या उंच, निमुळत्या झाडाला सर्रास 'अशोक' म्हटले जाते. त्याची पाने साधी व नागमोडी कडांची असतात. तो आसुपालव होय. खऱ्या सीताअशोकाची पाने संयुक्त असून फुले नारिंगी-तांबड्या गुच्छांत येतात. पळस व पांगारा या दोहोंची पाने त्रिदली. मात्र पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात. गुलमोहराच्या शेंगा तलवारीसारख्या लांब, तर सोनमोहराच्या लहान, चपट्या व तांबूस असतात. वडाला पारंब्या, पिंपळाच्या पानाला लांब टोक आणि उंबराच्या खोडावरच फळांचे घोस, या खुणा तर वर्षभर उपयोगी पडतात.

पक्ष्यांची ओळख :
चिमणी, साळुंकी व कावळा हे आकाराचे तीन मापदंड मानावेत. त्यानंतर चोच, शेपटी, रंग, आवाज आणि हालचाल या क्रमाने निरीक्षण करावे. काळ्या कोतवालाची शेपटी दुभंगलेली असते. दयाळाच्या काळ्या पंखांवर पांढरा पट्टा असतो. कोकीळ नर काळा व लाल डोळ्यांचा असतो, तर मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. त्यामुळे ही दोन वेगळ्या जातींची पाखरे असल्याचा समज होतो.

परस्परसंबंध :
तांबट पक्षी वड, पिंपळ, उंबर यांची फळे खातो. परंतु घरट्यासाठी वाळलेली फांदी कोरतो. तपासणी समितीच्या आगमनापूर्वी स्वच्छतेच्या नावाखाली सर्व वाळक्या फांद्या छाटल्यास अन्न असूनही त्याचा निवारा नाहीसा होतो. म्हणून वाटसरूंना धोका नसलेल्या फांद्या राखणे इष्ट ठरते.

नोंदी व समारोप :
प्रत्येक नोंदीत दिनांक, वेळ, स्थान, जात, संख्या व वर्तन लिहावे. ओळख निश्चित नसल्यास नावाऐवजी वर्णन नोंदवावे. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या 'कॅम्पस बर्ड काउंट'मध्ये अशा नोंदी देशपातळीवर उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांना 1975 च्या अधिनियमाचे संरक्षण असून, 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे व त्याहून अधिक वयाचे झाड 'हेरिटेज ट्री' ठरते. मात्र जुन्या झाडाचे नाव, स्थान व वय यांची नोंदच नसेल, तर इमारतीच्या विस्ताराच्या वेळी त्याची बाजू कोणत्या आधारे मांडणार? परिसरातील निरीक्षणवही ही त्यामुळे केवळ छंदाची बाब न राहता संस्थेचा महत्त्वपूर्ण दस्तऐवज ठरते.