फौजी भाऊ मत मागायला आले, तर…?

भगिनींनो, २०२० सालचा ऑगस्ट अखेर आठवतो ना? वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या खोलगट भागांत पाणी शिरलं. पाहता पाहता उंबरा बुडाला. तांदळाची कोठी, मुलांची दप्तरं, कपाटातल्या साड्या, काय उचलावं आणि काय सोडावं हेच कळेना. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ते वेगळं सांगायला नको.

अशा वेळी मोहल्ल्यातला कोणीतरी एक जण धावून येतो. पुष्कळदा तो पलटणीतून निवृत्त होऊन आलेला असतो. आवाज खणखणीत, कामाला वाघ. समजा, तुमच्या गल्लीतल्या अशा फौजी भाऊंनी दोरी बांधून म्हाताऱ्या सासूबाईंना बाहेर काढलं, चार दिवस खिचडी वाटली, पंचनाम्यासाठी तलाठ्याला घरापर्यंत आणलं. आणि मग नगर परिषदेची निवडणूक आली. भाऊ हात जोडून दारात उभे… “वहिनी, या वेळी आपल्याला लक्षात ठेवा बरं!”

काय कराल? उपकार तर विसरता येत नाहीत. पण उपकाराची परतफेड म्हणून मत द्यायचं का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचं उत्तर शोधायला आपण जरा दूर जाऊ. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला.

किसन बाबुराव हजारे, म्हणजेच आपल्या सर्वांना ठाऊक असलेले अण्णा, यांचा जन्म १९३७ चा. शिक्षण सातवीपर्यंत. मुंबईत दादरला फुलं विकून पोट भरलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते सैन्यात गेले आणि ट्रक चालवू लागले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. बरोबरचे जवान गेले, हे वाचले. आपण कशासाठी वाचलो, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. स्वामी विवेकानंदांचं एक छोटं पुस्तक वाचनात आलं आणि उत्तर सापडलं. लग्न करायचं नाही, गावाची सेवा करायची. १९७५ मध्ये सैन्य सोडून ते गावी आले.

गाव कसं होतं? पाऊस बेताचा, विहिरी कोरड्या. पाणी भरता भरता बायकांच्या कमरा मोडत. पोट भरायचं साधन म्हणून दारूच्या भट्ट्या! यादवबाबांच्या देवळाचं लाकूडसुद्धा त्या भट्ट्यांत जळून गेलं होतं. अण्णांनी स्वतःची पुंजी घालून देऊळ उभं केलं आणि तिथल्याच एका खोलीत मुक्काम ठोकला. देऊळ गावाची बैठकीची जागा झालं. तरुण जमले. नाल्यांना बांध घातले गेले, उतारावर चर खणले गेले, झाडं लागली. विहिरींना पाणी आलं. गरजूंसाठी धान्यकोष निघाला, सामुदायिक विवाह होऊ लागले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही गावाची पाच सूत्रं ठरली. १९९० साली अण्णांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये पद्मभूषण.

इथवरची गोष्ट बहुतेकींनी ऐकलेली असेल. आता त्यातला बोचणारा भाग सांगते.

देवळात दारू सोडण्याचा ठराव झाला, बऱ्याच भट्ट्या बंद पडल्या. तरी काही पिणारे ऐकेनात. तेव्हा त्यांना खांबाला बांधून फटके दिले जात. लष्करातला कमरेचा पट्टा त्या कामी येई. अण्णांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. आई नाही का आजारी मुलाच्या भल्यासाठी त्याला कडू औषध देत, असं ते म्हणत.

खरं सांगा, वाचताना क्षणभर बरं वाटलं ना? ज्या बाईचा नवरा रोज पिऊन येतो, घरातली भांडी विकतो, तिला हे फटके गोडच वाटणार. तिला दोष कोण देईल? पण थोडं थांबून विचार करा. ज्याच्या हातात आज पट्टा आहे, तो उद्या कोणावर उगारील हे ठरवणार कोण? आज दारुड्यावर, उद्या न विचारता माहेरी गेलेल्या सुनेवर? मारण्याचा अधिकार एकदा गावाने कुणाला दिला की तो परत मागणं अवघड. आणि घराघरांत पाहतोच ना आपण, माराने माणूस दबतो. सुधारतो असं नाही.

पुढे महाराष्ट्राने या कामी दुसरी वाट काढली. ती पट्ट्याची नाही, चिठ्ठीची आहे, आणि ती चिठ्ठी बायकांच्या हातात आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर परवान्याच्या दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकानाला कुलूप! यात मेख अशी की घरी बसून राहिलेल्या बाईचं मत दुकानाच्याच पथ्यावर पडतं. म्हणून त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या तरी चालतील, पण मतदानाला जायचंच. नियमांत वेळोवेळी फेरफार होतात, तेव्हा अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात नीट चौकशी करावी. आपल्याकडच्या मोहफुलाच्या चोरट्या दारूला मात्र ही युक्ती लागू नाही. तिथे परवानाच नसतो. ती तक्रार पोलिसांकडे किंवा याच कार्यालयाकडे करायची.

खांबाला बांधण्यात आणि आडव्या बाटलीत फरक कोणता? पहिल्यात एक खंबीर पुरुष बायकांसाठी ठरवतो. दुसऱ्यात बायका स्वतः ठरवतात. मला वाटतं, फौजी भाऊंना मत द्यावं की नाही, याचं माप इथेच सापडतं.

अण्णांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. २०११ च्या दिल्लीतल्या उपोषणानंतर त्यांच्या काही सहकाऱ्यांनी पक्ष काढला. अण्णा त्यात गेले नाहीत. पण राजकारणाला उपयोगी पडणारी एक मोठी गोष्ट त्यांच्या लढ्याने आपल्या हाती दिली, ती म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने त्यासाठी २००२ मध्ये कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, दहा रुपये शुल्क भरायचं, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन कार्यालयावर! आपल्या गल्लीतल्या नालीवर किती खर्च झाला, पूरग्रस्तांच्या यादीत कोणाची नावं आहेत, हे विचारायला वकील लागत नाही.

आणखी एक गंमत ऐका. राळेगणात वर्षानुवर्षं ग्रामपंचायत बिनविरोध निवडून येई. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तिथेही उमेदवार समोरासमोर उभे राहिले आणि मतदान झालं. काहींना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. घरात सगळे नेहमी एका सुरात ‘हो’ म्हणतात, तेव्हा कोणीतरी गप्प बसलेलं असतं. आणि ती बहुधा सूनच असते!

तर मग दारात उभ्या असलेल्या फौजी भाऊंना आधी चहा द्या. पुरातल्या मदतीबद्दल मनापासून आभार माना. ते माणुसकीचं देणं आहे. मग मात्र शांतपणे विचारा : भाऊ, निवडून आल्यावर वॉर्डातल्या बायकांना वर्षातून किती वेळा बोलावून हिशेब सांगाल? तुमचं म्हणणं आम्हाला पटलं नाही, तर काय कराल? दारूच्या दुकानाविरुद्ध आम्ही सह्या गोळा केल्या, तर पुढे याल की दुकानदाराच्या ओट्यावर बसाल? उमेदवाराने मालमत्ता आणि खटल्यांची माहिती शपथपत्रात दिलेली असते. तीही पाहून घ्या.

आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला म्हणून भाऊंनी वहिनींचं नाव पुढे केलं, तर? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा असं घडणारच. मग हेच प्रश्न वहिनींना विचारा आणि उत्तर वहिनींकडूनच घ्या. भाऊ मधे बोलू लागले तर हसून म्हणा, “तुम्ही चहा घ्या भाऊ, थंड होतोय.”

सैन्यातून आलेल्या माणसाजवळ शिस्त असते, कष्टाची तयारी असते, संकटात न डगमगणारं मन असतं. ते सारं आपल्या गावाला हवंच आहे. फक्त पलटणीत हुकूम वरून खाली येतो आणि वॉर्डात तो खालून वर जायला हवा, एवढं ज्या फौजी भाऊंना उमगलं, त्यांना खुशाल मत द्या. उपकार फेडायचे म्हणून नव्हे, तर उद्या त्यांच्याकडे हिशेब मागता येईल म्हणून.