लेकराला आधी जवळ घ्या, मोबाइल नंतर तपासा

वस्तीतल्या घरात मोबाइल बहुधा एकच असतो. दिवसा तो वडिलांसोबत एमआयडीसीत नाहीतर बांधकामावर जातो आणि संध्याकाळी मुलांच्या हातात येतो. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी तो मुलांना द्यावाच लागला. आज शिष्यवृत्तीचा फॉर्मही त्याच्यावरच भरावा लागतो. म्हणून मुलांचा मोबाइल बंद करा, असे आम्ही सांगणार नाही. आमचे सांगणे एवढेच की, घाणेरडा व्हिडिओ समोर आला तर लेकराला तो प्रकार घरात न भिता सांगता आला पाहिजे.

असे व्हिडिओ मुले शोधतातच असे नाही. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. २०१७ साली तर कार्टूनच्या ओळखीच्या पात्रांचे मारहाणीचे आणि अश्लील व्हिडिओ लहान मुलांपर्यंत पोचत असल्याचे उघड झाले आणि यूट्यूबला अनेक चॅनेल काढावे लागले. दुसरी वाट मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. मित्रांच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ आपोआप डाउनलोड होऊन गॅलरीत बसतो आणि गाणे शोधणाऱ्या लेकराच्या हाती लागतो. विहारात आपण पंचशील म्हणतो. त्यातल्या तिसऱ्या शीलाची सुरुवात मोठ्यांनी आपल्या मोबाइलपासून करावी.

लहान मूल असे काही पाहून घाबरते, पण सांगत नाही. झोपेत दचकणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, विनाकारण पोट दुखणे, शाळेत जायला नको म्हणणे, धाकट्या भावंडांसोबत नको ते खेळ खेळणे, अशी लक्षणे दिसू शकतात. यांची कारणे दुसरीही असतात. म्हणून आरोप करू नका, शांतपणे विचारा. वयात येणाऱ्या मुलांना उत्सुकता असते, ते नैसर्गिक आहे. त्यांना सांगा की त्या व्हिडिओत पैशासाठी केलेला अभिनय असतो. समोरच्याची संमती, आदर आणि आजारापासून काळजी त्यात बहुधा दिसत नाही. हे आई-बापाने सांगितले नाही तर मुले तो व्हिडिओच खरा धरतात.

मूल सांगायला आले तर पहिले वाक्य हे असावे: "बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही." मारले किंवा मोबाइल हिसकावला तर पुढच्या वेळी ते गप्प बसेल. फोटो मागणाऱ्याला, धमकावणाऱ्याला हीच गप्प बसण्याची भीती उपयोगी पडते.

मुलींच्या बाबतीत तर ही भीती फार महाग पडते. मुलीला कोणी घाणेरडा मेसेज पाठवला की आधी तिचा मोबाइल बंद होतो, मग शाळा, आणि मग स्थळे पाहणे सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या जालना जिल्ह्यात बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आढळले आहे. गुन्हा पाठवणाऱ्याचा आणि शिक्षा मुलीला, हे आपल्या घरात चालू देऊ नये.

मोबाइलमध्ये आजच चार गोष्टी करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करा आणि 'ऑटोप्ले' बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करा. ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी फक्त ओळखीच्यांना ठेवा. प्ले स्टोअरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' लावून पिन आपल्याकडे ठेवा. हे जमत नसेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या पोरापोरींना सांगा, पंधरा मिनिटांचे काम आहे. यातून सगळे अडत नाही, म्हणून रात्री मोबाइल मोठ्यांजवळ ठेवावा आणि मुलांनी तो चार माणसांत बसून वापरावा.

आता कायदा. अठरा वर्षांखालील मुलामुलींचे अश्लील व्हिडिओ पाहणे, साठवणे, पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पोक्सो कायदा, २०१२ यांखाली गुन्हा ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निकाल दिला आहे. महाराष्ट्र सायबर विभागाने 'ऑपरेशन ब्लॅकफेस' या मोहिमेत अशा लोकांवर राज्यभर गुन्हे दाखल केले. तेव्हा "बघा हो, काय चाललंय" म्हणूनसुद्धा असा व्हिडिओ पुढे पाठवू नका.

आपल्या लेकरासोबत असे काही घडले तर पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा, चॅट पुसू नका आणि तो मोबाइल पोलिसांनाच दाखवा. मुलांसाठीची मदत १०९८ वर चोवीस तास फुकट मिळते. धमकावून पैसे मागितले असतील तर १९३० वर फोन करा, पैसे देऊ नका. लेकराचा नको तसा फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' या मोफत सेवेचा उपयोग होतो. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. पोक्सोखाली मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाचे नाव छापता येत नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागतात का, हेही विचारा आणि जातीचा दाखला सोबत ठेवा.

पोलीस ठाण्यात एकट्या आईला पाठवू नका. महिला मंडळाच्या दोघी-तिघी सोबत जा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास हा विषय घ्या, आणि त्या बैठकीत बापमाणसांनीही बसावे.