साखर-मिठाचे पाणी आणि पेशीचे दार

जुलाबाने गळून गेलेल्या बालकास सलाईन न लावता पाणीच का पाजता, असे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. याचे उत्तर आतड्याच्या पेशींत आहे.

प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. मीठ व साखर यांना मात्र प्रथिनांची ठरावीक दारे लागतात. आतड्यातील असे एक दार सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणीही शरीरात शोषले जाते. पटकीतही हे दार शाबूत राहते. म्हणूनच नुसते पाणी पुरत नाही; आणि साखर अधिक झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली व सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण रुग्णांना पाजविले. ३० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण तेथे ३.६ टक्क्यांवर आले.

पालकांना आमची विनंती आहे की, जलसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे, घोटघोट पाजावे व उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. मूल मलूल झाले वा पिईनासे झाले, तर विलंब न करता रुग्णालयात आणावे; अशा वेळी सलाईनच लागते. देणगीदारांच्या साहाय्यातून या दोन्ही उपचारांची तजवीज होते.