सरासरी वेगाचा हिशेब

रविवारी सायकलवरून परतलो की आम्हा साठीच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज ॲव्हरेज किती?" आपला आकडा कमी येतो म्हणून एका मित्राने हल्ली यायचेच सोडले. त्यासाठी हा हिशेब.

समजा, बेळगावजवळ राजहंसगडाच्या बाजूला १० किमी चढताना ताशी १२ किमी आणि उतरताना ताशी ३० किमी वेग मिळाला. सरासरी २१ असे वाटते. पण जायला ५० मिनिटे, यायला २० मिनिटे; म्हणजे ७० मिनिटांत २० किमी. सरासरी जेमतेम १७! चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही. सपाट रस्त्यावर तोच माणूस आरामात याहून पुढे जाईल.

वाऱ्याचेही तसेच. वारा पडलेला असतानाही वेग २० वरून २५ वर न्यायचा, तर हवा कापायला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे कष्ट वाचतात, आकडा मात्र दोघांचा सारखाच. सिग्नलवर थांबलेला वेळ काही ॲप धरतात, काही वगळतात.

मग कुवत कशी ओळखावी? रस्ता तोच, सायकल तीच, वारा साधारण तसाच आणि चालवताना गप्पा मारता येतील इतकाच दम. काही महिन्यांनी वेळ कमी लागला, तर ती खरी प्रगती. आकड्यापायी छातीत दुखेपर्यंत दामटू नये.

मित्राला हे पटले आहे. येत्या रविवारी तो येणार आहे. आम्ही मीटर पाहणार नाही.